बागेचे कुलूप आणि आपली तब्येत

"डॉक्टर, तुम्ही चालायला सांगता, पण चालू कुठे?" मुंबईच्या उपनगरात दवाखाना असलेल्या कोणत्याही डॉक्टरला हा प्रश्न आठवड्यातून दोन-चार वेळा तरी ऐकावा लागतो. मधुमेह असो, रक्तदाब असो की वाढलेले वजन, चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली 'रोज अर्धा तास चालणे' ही ओळ असतेच. गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतात. चालायची जागा मात्र शोधावी लागते. फुटपाथवर दुचाकी उभ्या असतात, पेव्हर ब्लॉक उखडलेले असतात. उरते ती महापालिकेची बाग, आणि अनेक ठिकाणी ती दुपारभर बंद असते व रात्री जेवणे होईपर्यंत तिला पुन्हा कुलूप लागते.

माझे मत असे आहे की, उपनगरातली बाग ही दवाखान्याइतकीच आरोग्याची सोय मानली पाहिजे आणि तिच्या वेळा रुग्णांच्या गरजेप्रमाणे ठरल्या पाहिजेत.

गरज किती आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालावे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल हवी. प्रत्यक्षात काय होते? 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, २०२२ साली भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये ५७ टक्के होते. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. याला केवळ 'लोकांचा आळस' म्हणून मोकळे होणे मला पटत नाही.

बागेचे घड्याळ आणि शरीराचे घड्याळ

बाग पहाटे उघडते आणि ते अनेकांना सोयीचे असते. पण पुढील रुग्णांचा विचार करा.

मधुमेही: जेवणानंतर रक्तातील साखर वाढते. त्या वेळी १०-१५ मिनिटे सावकाश चालले तरी स्नायू ती साखर वापरू लागतात आणि वाढ आटोक्यात राहते. आपल्याकडे दुपारचे जेवण दीडच्या सुमारास आणि रात्रीचे साडेनऊला होते. दोन्ही वेळा बागेला कुलूप!

दम्याचे व श्वासाचे रुग्ण: हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर सरकत नाही, त्यामुळे धूर आणि धूळ खालीच कोंडून राहते. म्हणून या रुग्णांना आम्ही ऊन चढल्यावर फिरायला सांगतो. ऊन चढून हवा मोकळी होते तोवर बाग बंद होण्याची वेळ जवळ येते.

ड जीवनसत्त्वाची कमतरता असलेले: त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण साधारण सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळात जास्त मिळतात. कोवळ्या उन्हात बसणे सुखाचे असते, पण या कामासाठी ते फारसे पुरत नाही. (एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात अर्थातच जपून.)

घर सांभाळणाऱ्या स्त्रिया: सकाळी डबे, संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि स्वयंपाक. त्यांना मोकळा वेळ मिळतो तो दुपारीच. वरचा ५७ टक्क्यांचा आकडा पुन्हा वाचा.

'पण दुपारी उघडी ठेवली तर...'

दुपारी झाडांना पाणी घालायचे असते, साफसफाई असते, पहारेकऱ्याला सुट्टी हवी असते आणि नको ते लोक येऊन बसतात, अशी कारणे दिली जातात. ती खोटी नाहीत. पण साफसफाई बागेचा एकेक भाग बंद ठेवून करता येते. पहारेकऱ्याची आणखी एक पाळी लावायला खर्च येईल, हे मान्य. पण त्यासाठी नवी जमीन घ्यावी लागत नाही. आणि नको त्या लोकांचे म्हणाल, तर जिथे आजी-आजोबा आणि लहान मुले वावरतात तिथे टवाळखोर फार वेळ टिकत नाहीत.

जमिनीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा हवी. मुंबईत ती दीड चौरस मीटरही भरत नाही, म्हणजे एका माणसाच्या पलंगापेक्षा कमी. बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे हे आपले भाग्यच, पण गुडघे दुखणाऱ्या मालाडच्या आजी रोज तिथवर जाणार नाहीत. त्यांना घरापासून पाच-सात मिनिटांवरची बाग लागते. नवी बाग व्हायला वर्षे जातात; असलेली बाग उघडी ठेवणे उद्यापासून जमू शकते.

आधी काय हवे?

हल्ली बागेत व्यायामाची यंत्रे बसवतात. ठीक आहे, पण माझ्या यादीत ती शेवटी येतील. पहिले स्थान स्वच्छ शौचालयाला. प्रोस्टेटचा त्रास असलेले किंवा लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेणारे कित्येक ज्येष्ठ केवळ या धास्तीने घराबाहेर पडत नाहीत. दुसरे, थोड्या-थोड्या अंतरावर पाठ टेकता येईल असे बाक. तिसरे, न घसरणारी सपाट वाट आणि रात्री पुरेसा उजेड. चौथे, 'चेंडू खेळण्यास मनाई' हा फलक काढून मुलांसाठी एक कोपरा. रोज उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना मायनस नंबरचा चष्मा लागण्याची शक्यता कमी असते, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्या बागेच्या वेळा फलकावर पाहा. त्या गैरसोयीच्या असतील तर सोसायटीतल्या दहा-वीस जणांच्या सह्या घेऊन वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि एक प्रत नगरसेवकांना द्या. अर्जात 'बाग उघडी ठेवा' एवढेच न लिहिता कोणत्या वेळी, कोणासाठी आणि का हवी ते लिहा. डॉक्टरांनी चालायला सांगितल्याची चिठ्ठी असेल तर तिची प्रतही जोडा. मागणी ठोस असली की टाळणे अवघड जाते.

आणि तोवर चालणे थांबवू नका. सोसायटीचे आवार, गच्ची, अगदी घरातला व्हरांडाही चालेल. मात्र चालताना छातीत दुखले, जड वाटले किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला, तर तिथेच थांबा. थांबूनही आराम पडला नाही तर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा. आराम पडला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.