निकालानंतरचा समुद्र

स्मरणिकेत यशाची नोंद होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु ‘हे मला जमणार नाही’ हे वाक्य ज्या विद्यार्थ्याच्या मनात घर करून बसते, त्याची नोंद कोणत्याही निकालपत्रकात नसते. तो वर्गात शेवटच्या बाकावर सरकतो, प्रश्न विचारणे थांबवतो आणि एके दिवशी ‘शिकून काय उपयोग?’ असे म्हणून शाळाच सोडतो. अशा विद्यार्थ्यासाठी येथे एक साधी मागणी मांडावयाची आहे. त्याला अधूनमधून अर्ध्या दिवसासाठी समुद्रकिनारी न्यावे, आणि तेही बक्षीस म्हणून नव्हे, तर शिक्षणाचा भाग म्हणून.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील आपली बहुतेक कुटुंबे कष्टकरी आहेत. कोणी कारखान्यात पाळीवर जातो, कोणी जीन्सच्या शिलाईवर बसतो, कोणी पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठतो. घरातील पहिलाच शिकणारा मुलगा किंवा पहिलीच शिकणारी मुलगी दहावीपर्यंत मराठीतून शिकते आणि अकरावीला विज्ञान शाखेत अचानक इंग्रजीसमोर उभी राहते. काल वर्गात पहिली असलेली मुलगी आज तोंड उघडत नाही. तिची बुद्धी एका उन्हाळ्यात कमी झालेली नसते, मोजमापाची पट्टी बदललेली असते. पण हे तिला सांगणार कोण? जादा तास लावले जातात, ‘अमक्याचा मुलगा बघ’ असे सुनावले जाते आणि शंकेचे ओझे वाढत जाते.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतील एक साधी गोष्ट आठवावी. परळच्या चाळीतील एका खोलीत कुटुंब राहत असे आणि अभ्यासाला निवांत जागा नव्हती. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणारा हा विद्यार्थी शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. गिरगावचा समुद्र तेथून हाकेच्या अंतरावर. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांचे त्याच्याकडे लक्ष गेले. त्यांनी विचारपूस केली, पुस्तके दिली आणि पुढे स्वतः लिहिलेले बुद्धचरित्रही भेट दिले. शाळेत अपमान होते, घरात जागा नव्हती. परंतु तिसरी एक मोकळी जागा होती आणि तेथे आपुलकीने बोलणारा एक वडीलधारा माणूस होता. आपल्या वसतिगृहातील आणि वस्तीतील मुलांना नेमक्या याच दोन गोष्टी कमी पडतात.

ही मोकळी जागा समुद्रकिनारीच का असावी? आपल्या मुलांना पाणी परके नाही. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास नदी बदलापूरवरून कल्याणकडे जाते आणि वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. मात्र 2005 आणि 2019 च्या पुरांमुळे पाणी म्हणजे धास्ती, हीच ओळख अनेकांच्या मनात राहिली. तीच नदी शेवटी कोठे शांत होते, हे त्यांनी पाहिलेले नसते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. किनाऱ्यावरील कोळी बांधव भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणून दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. ज्या मुलाला ‘गणित माझ्या डोक्यात शिरत नाही’ असे वाटते, त्याच्याकडून हा हिशेब आदल्या रात्री मांडून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी त्याला पाण्यासमोर उभे करावे. पाणी थोडे मागेपुढे होईल, पण हिशेब मोडणार नाही. ‘तू हुशार आहेस’ हे शंभरदा ऐकून जो विश्वास येत नाही, तो आपले उत्तर डोळ्यांदेखत खरे ठरल्यावर येतो. न्यूनगंडावर कौतुकापेक्षा पुरावा अधिक लागू पडतो, असे माझे मत आहे.

पाली वाङ्मयात महासमुद्राचे एक वैशिष्ट्य सांगितले आहे: त्याचा तळ एकाएकी कड्यासारखा तुटत नाही, तो क्रमाक्रमाने खोल होत जातो आणि शिक्षणही तसेच क्रमाने होते. ओल्या वाळूवर चालताना हे पायांना कळते. त्याच परंपरेत ‘मी इतरांहून हीन आहे’ या भावनेलाही अहंतेचाच एक प्रकार मानले आहे. कारण तेथेही तुलनाच असते आणि केंद्रस्थानी ‘मी’च असतो. क्षितिजासमोर हा ‘मी’ काही काळ तरी आपल्या मापात येतो.

‘परीक्षा तोंडावर आली असता फिरणे कसले?’ असे पालक विचारतील. त्यांची काळजी खोटी नाही. एक दिवस गेला की मजुरी जाते, हे ज्यांनी सोसले त्यांना वेळेची किंमत शिकवावी लागत नाही. परंतु शंकेने ग्रासलेला मुलगा पुस्तक उघडून चार तास बसतो, तेव्हा प्रत्यक्षात तो किती वाचतो, हेही पाहावे. शिवाय आपल्याकडे सहल उत्तीर्णांना मिळते. ज्याला गुण कमी पडले तो त्या दिवशी घरी राहतो. खरे तर निकालानंतरच्या पहिल्या रविवारी समुद्राची गरज त्यालाच अधिक असते.

यासाठी फार खर्च नको. लोकलने दादर गाठले की चैत्यभूमीचा किनारा पायी जाण्याजोगा आहे. 6 डिसेंबरला आपण तेथे अभिवादनासाठी लाखोंच्या गर्दीत जातोच. वर्षातील एखाद्या साध्या सकाळी मुलांना घेऊन तेथे दोन तास निवांत बसावे. नालासोपाऱ्याला उतरल्यास पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये उत्खनन केलेला सोपाऱ्याचा स्तूप पाहून पुढे कळंबचा किनारा गाठता येतो. प्राचीन काळी जेथून गलबते दूरदेशी जात, ते बंदर आपल्या घरापासून काही तासांवर आहे, हे कळणेही लहान गोष्ट नाही. पथ्ये मात्र पाळावीत. मुले पाच-सहाच असावीत, मोबाइल पिशवीत राहावा, पावसाळ्यात किंवा उधाणात कोणी पाण्यात उतरू नये आणि गुणांविषयी त्या दिवशी कोणी प्रश्न विचारू नये.

समुद्र उत्तरपत्रिका लिहून देत नाही. परतल्यावर तोच धडा, तीच इंग्रजी परिभाषा समोर असते. ज्याची झोप, जेवण, बोलणे तुटत चालले आहे, त्याला सहल पुरेशी नाही. त्याच्यासाठी डॉक्टर हवेत आणि शासनाच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा विनाशुल्क क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर हवा. पण त्या टोकाला पोहोचण्याआधीची जी लांब वाट असते, तिच्यावर मुलाला सोबत देणे आपल्या हातात आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. शाळेसाठी आपण पंखे दिले, पुस्तके दिली, देणग्या दिल्या. आता प्रत्येकाने वर्षातून एक रविवार द्यावा. पाच मुलांना किनाऱ्यावर न्यावे, त्यांच्याकडून भरतीचा हिशेब मांडून घ्यावा आणि आपल्यालाही कोणत्या इयत्तेत, कोणत्या विषयाची भीती वाटली होती, ते त्यांना मोकळेपणाने सांगावे. केळुसकरांनी बागेत एका मुलाची विचारपूस केली होती. तेवढे करणे आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे.