वर्दी घरी येऊ द्या, रायफल नको

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला काय आठवतं? बर्फ, चॉकलेट, शाहरुख-काजोल. टूर करून आलेले काका-काकू तिथल्या ट्रेनचं कौतुक करताना थकत नाहीत. पण त्याच ट्रेनमध्ये समोरच्या सीटवर कधीकधी आपल्याच वयाचा एखादा मुलगा बसलेला असतो, अंगात लष्कराचा युनिफॉर्म, कानात इअरफोन आणि शेजारी चार किलोची खरीखुरी रायफल. आजूबाजूचे लोक निवांत पेपर वाचत असतात. कोणी साधं वळूनही बघत नाही.

याचं कारण असं की त्या देशात आपल्यासारखी मोठी कायमची फौज नाही. प्रत्येक धडधाकट मुलाला साधारण १८ आठवड्यांचं ट्रेनिंग घ्यावं लागतं, आणि पुढे काही वर्षं दरवर्षी तीन आठवड्यांची उजळणी. मधल्या काळात तो इंजिनिअरिंग करतो, बेकरी चालवतो, काहीही करतो. युनिफॉर्म आणि रायफल मात्र त्याच्या घरी, कपाटात. म्हणजे आपण ज्याला 'छावणीबाहेर' म्हणतो ते त्यांच्याकडे जवळजवळ नाहीच, घर हीच छावणी! शत्रू आला तर माणूस घरातूनच लढायला निघाला पाहिजे, हा त्यामागचा जुना हिशोब. २००७ पर्यंत तर ५० गोळ्यांचा सीलबंद डबाही घरी ठेवायला देत. त्या वर्षी सरकारने गोळ्या परत घ्यायचं ठरवलं. रायफल राहिली.

सैनिकाने छावणीबाहेर वर्दी घालावी का आणि शस्त्र बाळगावं का, हे दोन प्रश्न नेहमी एकत्र विचारले जातात. माझं म्हणणं असं आहे की ते दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

आधी वर्दी. मी कॉन्व्हेंटची. आमच्याकडे नियम होता की शाळेच्या युनिफॉर्ममध्ये गेटबाहेरच्या गाडीवर पाणीपुरी खायची नाही, बस स्टॉपवर आरडाओरडा करायचा नाही. सिस्टर म्हणायच्या की शाळेचं नाव अंगावर घालून फिरताय. तेव्हा वैताग यायचा, पण नियम कामाचा होता. युनिफॉर्म घातलेल्या माणसाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, त्यामुळे त्याचं स्वतःचंही स्वतःकडे लक्ष राहतं. सुट्टीवर आलेला जवान वर्दीत एसटीत चढला तर कोणीतरी सरकून जागा देतं, कुठे पोस्टिंग आहे म्हणून विचारतं. त्यात वाईट काय? भीती असलीच तर उलट्या बाजूची आहे, म्हणजे वर्दी नसलेल्यांनी ती घालण्याची. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे लष्करी वेशात आले होते. त्यानंतर लष्कराने लोकांना आवाहन केलं की लढाऊ वर्दीच्या नक्षीचे कपडे घालू नका. बॉईज हॉस्टेलच्या दोऱ्यांवर वाळणाऱ्या कॅमोफ्लाज कार्गो बघता हे आवाहन आमच्या कॅम्पसपर्यंत पोचलेलं दिसत नाही. असो.

आता शस्त्र. माझा मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीमधून हवालदार म्हणून रिटायर झाला. त्याला मी स्विस ट्रेनचा फोटो दाखवला, तर तो आधी हसला आणि मग म्हणाला, "अगं, आमच्याकडं ड्यूटी संपली की हत्यार कोतात जमा. नंबर बघायचा, सही करायची, मग जेवायला जायचं. सुट्टीवर हत्यार? नावच नको." कोत म्हणजे युनिटचं शस्त्रागार. मी विचारलं, तुमच्यावर विश्वास नाही म्हणून का? तो म्हणाला, "विश्वासाचा काय संबंध? साहेबाचंबी जमाच होतं."

यावर तुम्ही लगेच म्हणाल, आणि बरोबरच म्हणाल, की निःशस्त्र जवानावर घरी हल्ला झाला तर? मे २०१७ मध्ये लेफ्टनंट उमर फय्याज सुट्टी घेऊन शोपियांमध्ये नात्यातल्या लग्नाला गेले होते. दहशतवाद्यांनी त्यांना तिथून पळवून नेलं आणि मारलं. वय २२ वर्षं. त्यांच्याजवळ शस्त्र नव्हतं. हे वाचताना मलाही वाटलं की निदान एक पिस्तूल हवं होतं. पण लग्नाच्या घरात, आजूबाजूला आपलीच माणसं, समोरचे ठरवून आलेले. एका पिस्तुलाने काय झालं असतं, कोण जाणे. अशा भागात जवान घरी जाताना वर्दी घालत नाहीत तेच योग्य, आणि त्यांच्या सुरक्षेची जबाबदारी यंत्रणेने घ्यावी, त्यांच्या कमरेवर टाकू नये. तिथल्यासाठी माझा वर्दीचा मुद्दा मी मागे घेते. शस्त्राचा नाही.

कारण शस्त्र घरी नेण्याचा विचार करताना आपण नेहमी दाराबाहेरच्या माणसाचा विचार करतो. दाराच्या आतल्या माणसाचा कोणी करत नाही. आणि आकडे आतल्या माणसाबद्दल बोलतात.

इस्रायलमध्ये १८ ते २१ वयाची मुलं सक्तीने सैन्यात असतात. शुक्रवार-शनिवार घरी जाताना त्यांच्या खांद्याला रायफल असायची. सैन्यातल्या आत्महत्यांचं प्रमाण बघून २००६ मध्ये नियम बदलला आणि सुट्टीवर जाताना शस्त्र युनिटमध्येच ठेवायला सांगितलं. २०१० मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध झाला. आत्महत्यांचा दर तब्बल ४० टक्क्यांनी खाली आला होता. आणि घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली. कामाच्या दिवसांत, जेव्हा शस्त्र पूर्वीसारखंच हाताशी होतं, तेव्हा लक्षणीय फरक नाही! मुलं तीच, नोकरी तीच, घरचे प्रश्न तेच. फक्त वाईट रात्री ती वस्तू खोलीत नव्हती.

"ज्याला मरायचंय तो दुसरा मार्ग शोधतो" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. त्याचं उत्तर पुन्हा स्वित्झर्लंडनेच दिलंय. २००३ नंतरच्या सुधारणांमध्ये तिथल्या सैनिकांची संख्या जवळपास निम्मी झाली, म्हणजे तेवढ्या घरांतल्या रायफली कमी झाल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १८ ते ४३ वयाच्या पुरुषांमध्ये बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या कमी झाल्या, आणि त्या घटीपैकी फक्त २२ टक्के दुसऱ्या मार्गाकडे वळलेल्या दिसल्या. बाकीची माणसं वाचली. इंजिनिअरच्या भाषेत, सिस्टीममधला एक पार्ट काढला आणि फेल्युअर रेट खाली आला.

२०२३ मध्ये कोटाच्या प्रशासनाने हॉस्टेलच्या पंख्यांना स्प्रिंग लावायचा आदेश काढला, तेव्हा सोशल मीडियावर केवढी टिंगल झाली ते आठवा. अभ्यासाचं प्रेशर कमी करा, स्प्रिंग कसल्या लावताय! प्रेशर कमी करायलाच हवं, त्यात वाद नाही. पण ती स्प्रिंग आणि मामाचा कोत एकाच जातीच्या गोष्टी आहेत, आणि निदान आपण तरी त्यांना हसू नये. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या कोणालाही माहीत असतं की रात्री दोन वाजता वाटलेलं सकाळी चहाच्या वेळी तसंच्या तसं राहत नाही. (टेली-मानसचा १४४१६ हा फुकट नंबर मेसच्या बोर्डवर लावा, अशी रेक्टर सरांना याच पानावरून विनंती. सध्या तिथे हरवलेल्या कॅल्क्युलेटरच्या तीन नोटिसा आहेत.)

खरं सांगायचं तर स्विस लोकांना माझं म्हणणं पटलेलं नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये झुरिकच्या हॉन्गरबर्ग भागात, ट्रेनिंग नुकतंच संपवलेल्या एका तरुणाने लष्कराच्या रायफलने बस स्टॉपवरच्या १६ वर्षांच्या मुलीला मारलं. देशभर चर्चा झाली. फेब्रुवारी २०११ मध्ये सार्वमत झालं की घरातल्या लष्करी रायफली शस्त्रागारात ठेवायच्या का. ५६.३ टक्के मतं विरोधात पडली. सरकारचा नागरिकावर विश्वास आहे याची ती रायफल म्हणजे खूण, असं तिथे पुष्कळांना वाटतं. मला यात मामाचं वाक्य आठवतं. तिकडे इस्रायलनेही फेब्रुवारी २०१६ मध्ये सुपरमार्केटमधल्या चाकूहल्ल्यात सुट्टीवरचा एक निःशस्त्र सैनिक मारला गेल्यावर लढाऊ तुकड्यांच्या सैनिकांना पुन्हा शस्त्र घरी न्यायला सांगितलं. सुपरमार्केटची बातमी होते. बंद खोलीतल्या आकड्यांसाठी कोणीतरी चार वर्षं बसून मोजावं लागतं.

स्विस सरकारने मधला रस्ता २०१० पासून काढलाय. ज्याला नको असेल त्याने रायफल शस्त्रागारात ठेवावी, फुकट, कारणही कोणी विचारणार नाही. कागदावर छान आहे. पण ज्या वीस वर्षांच्या मुलाला याची सगळ्यात जास्त गरज आहे तोच काउंटरवर जाऊन "माझी ठेवून घ्या" म्हणेल का? मित्र विचारतील, आई विचारेल, गर्लफ्रेंड विचारेल. मामाच्या युनिटमध्ये हा प्रश्नच येत नव्हता, कारण रांगेत सगळेच उभे असायचे, साहेबासकट.