बर्फाचे खेळ आणि मालेगावची मुले: पालक, शाळा व नागरिकांना आवाहन

स्पेशल ऑलिम्पिक्सच्या जागतिक हिवाळी स्पर्धा मार्च २०२५ मध्ये इटलीतील तुरिन येथे झाल्या. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंसाठीच्या या स्पर्धांत सुमारे १०० देशांचे जवळपास १,५०० खेळाडू उतरले. त्यांत भारताचे अवघे ३० होते. प्रशिक्षक, अधिकारी आणि मदतनीस धरून पथक ४९ जणांचे. या पथकाने ८ सुवर्ण, १८ रौप्य आणि ७ कांस्य अशी ३३ पदके मिळवली. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचे खेळाडू १९६४ पासून अधूनमधून उतरत आले, पण तेथे एकही पदक हाती लागलेले नाही. हे पाहता तुरिनच्या यशाची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

या स्पर्धांत खेळाडूंचे गट क्षमतेनुसार पाडतात. आधी प्राथमिक फेरी होते आणि तिच्यातल्या कामगिरीवरून साधारण बरोबरीचे खेळाडू एका गटात येतात. त्यामुळे सावकाश धावणाऱ्यालाही खरी चुरस मिळते आणि पदक कमवावेच लागते.

मालेगावात मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, तेव्हा येथे हिवाळी खेळ कसले, असे वाटणे साहजिक आहे. पण या स्पर्धांतील फ्लोअरबॉलला बर्फ लागतच नाही. सपाट फरशी, हलक्या काठ्या आणि भोके असलेला प्लास्टिकचा चेंडू एवढ्यावर तो चालतो. मैदानात प्रत्येक बाजूचे तीन खेळाडू आणि एक गोलरक्षक असतो. शाळेचे सभागृह किंवा लग्नसराई नसताना रिकामे पडलेले मंगल कार्यालय त्याला पुरते. शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची तयारीही चाकांच्या स्केट्सवर सुरू करता येते. महाराष्ट्रातले बर्फावरचे अनेक स्केटर असेच घडले. स्नोशूइंग म्हणजे पायाला रुंद चौकट बांधून बर्फावर धावणे. त्यासाठी लागणारा दम आणि पायांतली ताकद मऊ वाळूत धावूनही कमावता येते.

खरी अडचण मुले घराबाहेर न येण्याची आहे. लोक काय म्हणतील या धास्तीने किंवा कोणी चिडवेल म्हणून अनेक घरांत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला दारापुढे जाऊ दिले जात नाही. आई-वडील दोघेही कामावर असतील तर त्याला मैदानावर नेणारे कोणी उरत नाही. शुक्रवारी शहरातले यंत्रमाग बंद असतात. सराव त्या दिवशी ठेवला, तर कामगार पालकांनाही मुलांसोबत येता येईल.

पालकांनी मुलांची नोंदणी करावी, ही पहिली विनंती. प्रत्यक्ष स्पर्धेसाठी वयाची किमान अट ८ वर्षे आहे, कमाल मर्यादा नाही. दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी खेळांचा वेगळा उपक्रम असतो. खेळाडूकडून शुल्क घेतले जात नाही. नोंदणीची माहिती विशेष मुलांच्या शाळेतून किंवा स्पेशल ऑलिम्पिक्स भारतच्या महाराष्ट्र शाखेकडून घ्यावी. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढलेले नसेल तर तो अर्ज आधी करावा, कारण इतर सरकारी सवलतींनाही ते लागते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मानेचे मणके खेळ सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. काही मुलांच्या मणक्यांत सैलपणा असतो आणि उडी किंवा धडक धोक्याची ठरू शकते.

मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळांनी आठवड्यातून एकदा सभागृह उघडावे आणि क्रीडाशिक्षकांनी तो तास स्वतःकडे घ्यावा. शाळकरी मुलांनीही यावे. युनिफाइड स्पोर्ट्स या प्रकारात बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघातून खेळतात, त्यामुळे भाऊ-बहीण किंवा शेजारचा मित्रही त्या संघात येऊ शकतो. काठ्या, चेंडू आणि जाळीचा खर्च यंत्रमाग कारखानदार व व्यापाऱ्यांनी उचलावा. ज्यांच्याकडे रिक्षा किंवा गाडी आहे त्यांनी आपल्या मोहल्ल्यातील मुलांना सरावाला नेण्या-आणण्याचे काम वाटून घ्यावे.