ब्लड कॅन्सरच्या पेशंटला ‘काम काय करायचास?’ हे विचारणार कोण?

सुरत / नंदुरबार : लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली. माणूस सुरतला नाही असं गाव खानदेशात शोधावंच लागेल. डाईंग-प्रिंटिंग मिल, लूम्स, केमिकलचे कारखाने, मिळेल ते काम. आजार बळावला की हाच माणूस पुन्हा ताप्ती लाईनच्या गाडीने गावी येतो. केसपेपरवर विडी-तंबाखूची नोंद होते. व्यवसायापुढे लिहितात ‘मजुरी’. विषय संपला.

पण मजुरी कशाची? बेंझिनमुळे रक्ताचा कॅन्सर होतो, हे आता वादाचं राहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2009 मध्ये फॉर्माल्डिहाइडलाही ल्युकेमियाचं कारण मानलं. कापडाच्या फिनिशिंगमधल्या काही रेझिनमधून हाच वायू सुटतो. प्रत्येक पेशंटचा आजार कामामुळेच झाला असं अजिबात नाही. बहुतेकांत कारण सापडतच नाही. मात्र विचारलंच नाही तर ज्यांच्यात सापडलं असतं, तेही सुटतात.

कायदा आहे. बेंझिनची विषबाधा आढळली तर डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं, असं 2025 पर्यंत कारखाने अधिनियम 1948 चं कलम 89 सांगत होतं. न कळवल्यास दंड किती होता, तर 1000 रुपयांपर्यंत! कळवण्याची जबाबदारी 2020 च्या नव्या संहितेतही आहे. 2025 पर्यंत लागू असलेल्या भरपाईच्या 1923 च्या कायद्यातही बेंझिनचे आजार होते, अट होती सहा महिने सलग नोकरीची.

6 जानेवारी 2022 ला सचिन जीआयडीसीत टँकरमधलं केमिकल नाल्यात सोडलं गेलं, सहा कामगार गेले. गुन्हा दाखल झाला, कारण मरण त्याच पहाटे आलं. ल्युकेमिया कित्येक वर्षांनी उगवतो. तोवर कामगाराने चार मिली बदललेल्या असतात.

फ्रान्समध्ये अविन्यॉनच्या रुग्णालयात रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटला अख्ख्या आयुष्यातली कामं विचारतात: कुठलं खातं, कुठला पदार्थ, किती वर्षं. मग तज्ज्ञ ठरवतात, भरपाईचा दावा करायचा का. त्याला मोठं मशीन लागत नाही, तासभर बोलणारा माणूस लागतो. अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहेच. सुरत आणि नंदुरबारच्या सिव्हिलला प्रश्नावली द्यायला तिला अवघड जाऊ नये.

खरी अडचण पुढे आहे. ठेकेदाराकडे रोजाने काम केलेल्याकडे ना पगारपत्रक, ना ईएसआयचं कार्ड. कलर किचनमध्ये दहा वर्षं काढली, हे तो सिद्ध कशावर करणार? सध्या तरी साक्षीला फक्त सोबत काम केलेले गाववाले.