दगड झिजतो, नोंद राहते

जुन्या छावणीतल्या ख्रिस्ती दफनभूमीत कित्येक थडग्यांवरची अक्षरे पावसापाण्याने पुसून गेलेली असतात. मग तिथे कोणता सैनिक विसावला आहे, हे ओळखायचे कसे? त्याचे उत्तर पाद्रीबाबांच्या वहीत मिळते. कंपनी सरकारच्या काळापासून ते दफनाची तारीख, मृताचे नाव, वय, हुद्दा आणि पलटण लिहून ठेवीत. मुंबई, मद्रास व बंगाल या तिन्ही इलाख्यांतून या नोंदींच्या नकला लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

अशा नोंदींचे मोल पुण्याजवळ खडकीला समजते. तेथील युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिक चिरनिद्रा घेत आहेत. शेजारच्या स्मारकावर पहिल्या महायुद्धातील १,८०० हून अधिक नावे आहेत. त्यांपैकी ६२९ जणांचे अवशेष जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून इथे आणले गेले. बाकीच्यांची थडगी दूरदूरच्या गावी राहिली; नावे मात्र इथे वाचता येतात.

नोंद नसली की नावही जाते. पहिल्या महायुद्धात मेलेल्या किमान १,१६,००० जणांची नावे कुठेच कोरली गेली नाहीत, असे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. त्यांत बहुतेक पूर्व आफ्रिकेतले व इजिप्तमधले होते.

तुमच्या घरी पणजोबांचे फौजेतले कागद असतील, तर रद्दीत घालू नका. पलटणीचे नाव आणि शिपाई क्रमांक एवढ्यावरूनही माणूस सापडू शकतो.