चिठ्ठी कुणाची, सही कुणाची?

इंग्लंडमधल्या आम्हा मराठी बायकांच्या गटात गेल्या बैठकीला पाळी जाण्याच्या वयातल्या त्रासावर बोलायचं ठरलं होतं. बोलणं झालं ते चिठ्ठ्यांवर. पन्नाशीतल्या एका मैत्रिणीला चार महिने धड झोप नव्हती. शेवटी पैसे भरून तिने खासगी तज्ज्ञ बाईंना दाखवलं. त्यांनी एचआरटीचं जेल, गोळ्या, वर टेस्टोस्टेरॉन आणि रक्ततपासण्यांची लांब यादी लिहून दिली. "तुमच्या जीपींकडून करून घ्या," म्हणाल्या. जीपींकडून एका ओळीचा निरोप आला: खासगी चिठ्ठीवर आम्ही औषध देत नाही. "दोन्ही दारं बंद," ती म्हणाली.

माझा राग आधी जीपींवर होता. नियम वाचल्यावर तो थोडा सरकला. १९४८ पासून चालत आलेल्या एनएचएसमध्ये औषध कुणीही सुचवो, जबाबदारी सही करणाऱ्या डॉक्टरची. म्हणून खासगी तज्ज्ञाने सुचवलेलं औषध लिहिणं जीपीवर बंधनकारक नाही. खासगी दवाखान्याला हव्या असलेल्या तपासण्या त्या दवाखान्यानेच कराव्यात, असं ब्रिटिश मेडिकल असोसिएशनही सांगते. दोघांनी मिळून देखरेख करण्याची 'शेअर्ड केअर' नावाची पद्धत आहे, पण जीपीने मान्य केली तरच.

आणि खरं सांगते, यात मला न्यायही दिसतो. मूल होण्यासाठी खासगी उपचार घेणाऱ्या बायकांच्या हातीही अशा याद्या दिल्या जातात. फी दवाखान्याने घ्यायची, तपासण्या मात्र सगळ्यांच्या कराच्या पैशातून? जिच्याकडे भरायला पैसेच नाहीत, ती तर रांगेतच उभी आहे. (यावर आमच्यात भांडण झालं, अजून मिटलेलं नाही.)

पण चिठ्ठीला नाही म्हणता म्हणता बाईच्या दुखण्यालाच नाही म्हटलं जातं, ते मी मान्य करणार नाही. एकदा बाहेर पैसे देऊन दाखवलं म्हणून एनएचएसवरचा हक्क जात नाही. मैत्रिणीला आम्ही पुन्हा पाठवलं, चिठ्ठी पर्समध्येच ठेवून. "हे औषध द्या" असं न म्हणता ती म्हणाली, "झोप नाही, अंगाची आग होते, मला तपासा." जेल आणि गोळ्या मिळाल्या. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२३ पासून एचआरटीसाठी वर्षाचा पास मिळतो, दोन औषधांच्या शुल्काइतक्या पैशात; तोही तिने काढला. रक्ततपासण्या लागल्याच नाहीत. पंचेचाळिशीनंतर निदान सहसा लक्षणांवरूनच करावं, हे 'नाइस' या संस्थेने २०१५ सालीच सांगितलंय. फी घेणाऱ्या बाईंनी ते तिला सांगितलं नव्हतं. टेस्टोस्टेरॉनला जीपी बिचकले, ते मी समजू शकते. मग एनएचएसच्या तज्ज्ञाकडे पाठवणं त्यांचंच काम, आणि तसं पत्र आता गेलंय.

ती इंग्रजी बोलते, म्हणून दुसऱ्यांदा जाऊ शकली. आमच्यातल्या एक आजी नातवाला दुभाष्या म्हणून नेतात. पाळीबद्दल, अंगावरून जाण्याबद्दल त्या त्याच्यासमोर काय बोलणार? एनएचएसकडे दुभाषी बाई मागता येते, त्याचे पैसे पडत नाहीत, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पुढची बैठक याच विषयावर आहे. ज्यांना नकार मिळाला असेल, त्यांनी जीपींकडून कारण लेखी मागून ते पत्र बरोबर आणावं. आणि खासगीत जाणार असाल तर फी भरण्याआधी आपल्या जीपींना विचारा: पुढची औषधं तुम्ही लिहाल का?