गावात पेव्हर ब्लॉक, पांदणीत चिखल



गेल्या पंधरा-वीस वर्षांत ग्रामपंचायतीने गावात काय काय केले याची एकदा मोजदाद करा. वेशीवर कमान झाली. चौकात उंच खांबाचा दिवा लागला. गल्लोगल्ली पेव्हर ब्लॉक बसले. कुठे कुठे तर धडधाकट सिमेंटचा रस्ता फोडून बसले. सभामंडप झाला, स्मशानभूमीला शेड झाले, सिमेंटचे बाक आले आणि हे सारे कोणाच्या निधीतून झाले त्याचे नाव प्रत्येकावर रंगवले गेले.

आता त्या कमानीतून बाहेर पडा आणि वावराकडे चालू लागा. शंभर पावलांवर ब्लॉक संपतात, पांदण सुरू होते आणि पांदणीबरोबर चिखल सुरू होतो. ज्या गावाचे पोट पऱ्हाटीवर आणि ज्वारीवर चालते त्या गावाची पंचायत वेशीपाशी येऊन थांबते. तिला वावर दिसतच नाही. जी पंचायत वावरापर्यंत पोचत नाही ती शेतकऱ्याची पंचायत नव्हे. आणि तिला तिथपर्यंत न्यायचे तर मंत्रालयापुढे हात पसरून भागणार नाही. ग्रामसभेत जाऊन बसावे लागेल, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

चिखलाचा हिशेब

पांदण ही गैरसोय आहे, असे शहरातल्या माणसाला वाटते. कोरडवाहू शेतकऱ्याला ती दरवर्षी भरावा लागणारा दंड आहे. पाऊस लागला की बंडी वावरात जात नाही. खताची पिशवी डोक्यावर न्यावी लागते, म्हणून खत वेळेवर पडत नाही. लांबच्या वावरात निंदायला बाया यायला तयार नसतात, आल्या तर मजुरी जास्त मागतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही. ज्वारी-सोयाबीनची मळणी करायला यंत्र वावरात पोचत नाही, तोवर परतीचा पाऊस गंजी भिजवून जातो. बोंडे फुटलेली असतात, पण वेचलेला कापूस बांधून बायांच्या डोक्यावरून गावात आणावा लागतो. वेचणी लांबली की कापूस झाडावरच भिजतो, पिवळा पडतो. मग व्यापारी बोटांनी चिमूटभर कापूस ओढून पाहतो आणि भाव पाडतो.

भाव पडल्याचा दोष आपण बाजाराला देतो, सरकारी धोरणाला देतो आणि तो द्यायलाच हवा. पण बाजाराच्या दारात पोचण्याआधीच जो पैसा पांदणीत गाडला गेला, त्याचा जाब कोणी कोणाला विचारायचा?

पांदण कोणाची?

हा प्रश्न घेऊन निघा आणि पाहा काय होते ते. ग्रामपंचायत म्हणते, पांदणीवर अतिक्रमण आहे, तहसीलमध्ये जा. तहसीलदाराकडे अधिकार आहेत हे खरे. शेताच्या धुऱ्यावरून रस्ता देण्यासाठी १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम १४३ आहे. वहिवाटीच्या रस्त्यात कोणी अडथळा केला तर तो काढायला १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमात कलम ५ आहे. पण तहसीलदार म्हणतो, आधी मोजणी करून आणा. भूमी अभिलेखवाले म्हणतात, मोजणीची फी भरा आणि तारखेची वाट पाहा. मोजणी झाली तर बांधकामवाले विचारतात, रस्त्याचा क्रमांक काय? ग्रामीण मार्गाला क्रमांक असतो, पांदणीला वर्षानुवर्षे असा क्रमांकच नव्हता. क्रमांक नाही म्हणून देखभाल नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसली ही व्यवस्था!

२०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने शेतरस्त्यांची योजना आली. पुढेही योजना येतील, नावे बदलतील, फलक बदलतील. ज्या गावाने पांदण मोजून, मोकळी करून ठेवली नाही त्या गावात योजनेचा पैसा आला तरी पडणार कुठे?

आणि एक कडू गोष्ट. पांदण अरुंद झाली ती आभाळातून नव्हे. दरवर्षी नांगराचे एक तास जास्त घालून दोन्ही बाजूंच्या वावरांनी ती खाल्ली. धुरा कोरणारा कोणी परका नव्हता. सरपंच पांदणीला हात का लावत नाही? ब्लॉक बसवले तर कोणाचे काही जात नाही, पांदण मोजली तर मते जातात. ब्लॉकचे अंदाजपत्रक तयार असते, काम आठ दिवसांत होते, फोटो निघतो, बिल निघते. ठेकेदार खूश, सरपंच खूश. नाराज झाला तर फक्त शेतकरी, आणि तो तर ग्रामसभेला येतच नाही.

राज्य कसले? सह्यांचे!

सगळा दोष सरपंचावर टाकून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. त्याच्या हातात दिले काय आहे, तेही पाहू.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या. त्यांचा आराखडा ज्या समितीने केला तिचे अध्यक्ष आपल्या पुसदचे वसंतराव नाईक होते. १९९३ च्या एप्रिलमध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांची यादी आली. त्या यादीत पहिलाच विषय शेती आणि शेतीविस्तार. दुसरा जमीनसुधारणा आणि मृद्संधारण. तिसरा लघुपाटबंधारे आणि पाणलोट विकास. पुढे रस्ते आणि पूलही आहेत. म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याला जे जे लागते ते कागदावर पंचायतीचे आहे.

प्रत्यक्षात गावात येणारा कृषी सहायक राज्याच्या कृषी खात्याचा माणूस आहे, ग्रामसभेला त्याचा जाब घेता येत नाही. तलाठी महसूल खात्याचा. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा. २०२४ मध्ये ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला, तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. पाटी बदलली, मालक बदलला नाही.

मुंबईला आपल्या पंचायतीची किती पत्रास आहे ते पाहा. २०१७ मध्ये ठरले, सरपंच थेट जनतेतून निवडायचा. २०२० मध्ये ठरले, नको, सदस्यांनीच निवडायचा. २०२२ मध्ये पुन्हा ठरले, जनतेतूनच बरा. पाच वर्षांत तीनदा कायदा फिरला, गावाला एकदाही विचारले नाही.

घटनेचे कलम २४३-ई सांगते की पंचायतीची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. विदर्भ-मराठवाड्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षणाचा वाद कोर्टात गेला आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. वर्षांमागून वर्षे गेली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितले, ती मुदतही उलटली. आमदाराची खुर्ची अशी तीन वर्षे रिकामी राहिली असती तर आकाशपाताळ एक झाले असते. जिल्हा परिषद राहिली तर कोणाला ठाऊकही नाही!

पैशाचेही तेच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना जो निधी दिला, त्यातल्या दर दहा रुपयांतल्या सहा रुपयांवर दिल्लीचा शिक्का होता: तीन रुपये पाण्यावर आणि तीन रुपये स्वच्छतेवरच खर्च करा. गावाच्या मर्जीचे उरले चार. दाखले देणाऱ्या संगणक केंद्रासाठी २०१६ पासून ग्रामपंचायतींकडून महिन्याला १२,३३१ रुपये घेण्याचे ठरले, म्हणजे वर्षाचे १,४७,९७२ रुपये. लहान गावाची घरपट्टी तरी वर्षाला एवढी वसूल होते का? केंद्र हवे की नको, कोणी चालवायचे, काय दराने, हे ठरवले मुंबईने. पैसे दिले गावाने.

जे हातात आहे ते तरी वापरा

मग अशा पंचायतीच्या नादी लागायचे कशाला, असे आमचे काही मित्र विचारतात. सरकार गावाच्या डोक्यावरून उतरावे ही मागणी आम्हीही करतो. पण जो पैसा आणि जो अधिकार आज गावात येतो, तो आपण सोडला म्हणून सरकारकडे परत जात नाही. तो ठेकेदाराकडे जातो.

ग्रामसभेला शेतकरी येत नाहीत, ही तक्रार ग्रामसेवक नेहमी करतो. यावे कशाला? १५ ऑगस्टला निंदण चालू असते, २ ऑक्टोबरला सोयाबीनची सोंगणी. आणि आलाच तर विषयपत्रिकेवर घरकुलाची यादी आणि नालीचे काम. वावराचा एक शब्द नाही. आपल्या कामाचे जिथे काही नाही तिथे दिवस मोडून न जाणे, हा शेतकऱ्याचा आळस नाही, व्यवहार आहे. म्हणून आधी विषयपत्रिका बदलायची, मग माणसे आपोआप येतील.

कायदा याला आडवा येत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. पुरेशा कारणाशिवाय कसूर केली तर सरपंचाचे पद जाऊ शकते. गणपूर्तीला मतदारांचे १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. कलम ८ प्रमाणे वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचे हिशेब, लेखापरीक्षणाचे शेरे आणि चालू वर्षाचा विकासाचा कार्यक्रम ठेवावा लागतो. हे वाचून दाखवा म्हणणे हा आगाऊपणा नाही, हक्क आहे.

गावाने ठरवले तर काय होते याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार अवर्षणातले गाव. तिथे पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. तेव्हापासून गाव पावसाचे पाणी मोजते, ताळेबंद मांडते आणि त्यावर पिके ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हे गावानेच ठरवले आणि पाळले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचे अधिकार ग्रामसभेच्या हाती आले. त्यांनी बांबू सोडवला. आपल्याला पांदण सोडवायची आहे, एवढाच फरक.

येत्या ग्रामसभेत काय करायचे

पहिले. सभेच्या आधी लेखी अर्ज देऊन दोन विषय पत्रिकेवर घ्यायला लावा: पांदण आणि पाणी. अर्जाची पोच घ्या.

दुसरे. ग्रामपंचायतीचे नमुने मागा. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे रोकडवही. बिल काढायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांचीही संगणकावरची सही लागते. त्या सहीचे डोंगल कोणाच्या खिशात असते, हे सभेत उभे राहून विचारा.

तिसरे. गावनकाशावरून गावातल्या साऱ्या पांदणींची यादी करा आणि ती ठरावात घाला. मोजणीची फी पंचायतीने भरावी असा ठराव करा. धुऱ्यालगतच्या शेतकऱ्यांना आधी आपणच जाऊन भेटा. चार भाऊ समजुतीने मागे सरले तर पोलीस बंदोबस्ताची गरज पडत नाही.

चौथे. काम कसे व्हावे तेही ठरावात लिहा. आमचे शिक्षण शेतीचे आहे, म्हणून हे ठासून सांगतो: काळी माती पाण्याने फुगते, नुसता मुरूम वर टाकला तर दुसऱ्या पावसाळ्यात तो गिळून टाकते. वरची माती काढा, मधला भाग उंच ठेवून कठीण मुरूम थराथराने दाबा आणि दोन्ही बाजूंना नाली काढा. नालीचे पाणी नाल्यात सोडून देण्याआधी वाटेत अडवा, जिरवा. पावसाचे पाणी साठवण्याची कामे पाण्याच्या बांधील निधीतून घेता येत होती. येणाऱ्या निधीतही तशी सोय कुठे आहे ते ग्रामसेवकाला विचारा.

पाचवे. पैसेवारी ठरवणाऱ्या गावसमितीत सरपंच बसतो. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर दुष्काळाचे बोलणे चालते. ती बसताना सरपंचाने काय सांगितले, ते त्याने ग्रामसभेला सांगावे.

सहावे, आणि आमच्या मते सर्वांत मोठे. महिलासभा कागदावर उरकू देऊ नका. कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन चिखलातून चालतात त्या आपल्या मायबहिणी. २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा त्यांच्या आहेत. पांदणीचा ठराव त्यांच्या सभेने आधी केला तर ग्रामसभेत त्याला नाही म्हणायला कोणाची छाती होते ते पाहू.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन कागद आणावेत: पांदणींची यादी आणि ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल. ज्या गावाला नक्कल नाकारली गेली, त्याने तसे लिहून आणावे. त्या सगळ्या गावांची मिळून आपण जिल्हा परिषदेवर बंड्या घेऊन जाऊ. बंड्या डांबरीवरून सहज जातील. वावरातून डांबरीपर्यंत त्या कशा आल्या, ते साहेबांनी चाकांना लागलेल्या चिखलावरून ओळखावे.